अकरा नंबरचा धक्का

पायल इंगळे पडली त्या क्षणी तिचे सर्वांत जुने, सर्वांत निष्ठावान आणि स्वतःच्या मते एकमेव अभ्यासू चाहते शालिकराम उमक उकडलेल्या शेंगा सोलत होते. ही गोष्ट त्यांनी पुढं बारा दिवस कोणाला कळू दिली नाही. एरवी शेंगा सोलणं हा काही गुन्हा नाही, आणि लपवण्यासारखी गोष्ट तर अजिबातच नाही.

सप्टेंबरमधला रविवार होता, सकाळचे नऊ-सव्वानऊ. अमरावतीतल्या एका कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर सराव सामना चालू होता. तीन आठवड्यांनी अकोल्याला विद्यापीठाची बास्केटबॉल स्पर्धा सुरू व्हायची होती, आणि तिची तयारी म्हणून अकोल्याच्या एका कॉलेजच्या मुली पहाटेच्या बसनं खेळायला आल्या होत्या. शालिकराम नेहमीप्रमाणे तिसऱ्या पायरीवर दुपट्ट्याची घडी खाली घेऊन बसले होते. जिल्हा परिषदेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं, चालायला मैदान गाठलं तर मैदानाच्या कडेला हे कोर्ट, आणि कोर्टवर सात नंबरची पायल. त्या दिवसापासून ते चालायचे थांबले आणि बघायला बसले. शुगर होती तिथंच राहिली, पण माणूस सुखी झाला. दोन वर्षांत त्यांनी पायलचा एकही सामना सोडला नव्हता. तिचा डावा हात, तिची उडी, तिचं चेंडू न बघता पास देणं, यावर ते न विचारता अर्धा तास बोलू शकत, आणि बोलत.

शेवटची दहा मिनिटं चालू होती. शालिकरामांच्या हातातल्या शेंगेत तीन दाणे होते आणि मधला बाहेर यायला तयार नव्हता. तेवढ्यात वाळलेल्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा आवाज झाला. त्यांनी मान वर केली तेव्हा पायल सिमेंटवर आडवी होती. डावा गुडघा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. तिच्यापासून दोन हातांवर अकोल्याची अकरा नंबरची मुलगी एक हात पुढं करून उभी होती.

शालिकरामांच्या कॉलनीतला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला ओमप्रकाश नेमका तेव्हा गेटमधून फोन वर धरून धावत आला.

"काय झालं काका? कसी पडली?"

आता इथं दोनच शब्द पुरेसे होते. ‘दिसलं नाही.’ पण ज्या माणसानं दोन वर्षं सगळ्या कॉलनीला खेळ समजावून सांगितला, ज्याला लोक पायलबद्दल विचारायला घरी येत, त्यानं ऐन प्रसंगी दिसलं नाही म्हणायचं म्हणजे तहसीलदारानं सातबारा वाचता येत नाही म्हणण्यासारखं होतं.

"धक्का देल्ला," शालिकराम म्हणाले.

"कोनं?"

"अकरा नंबरनं. तुले नाही दिसलं काय?"

ओमप्रकाश गेटवर होता, त्याला दिसायचा संबंधच नव्हता. पण त्यालाही मान होता. "दिसलं ना," तो म्हणाला, आणि एका साक्षीदाराचे दोन झाले.

ओमप्रकाशनं काढलेला व्हिडिओ आठ सेकंदांचा होता आणि तो पायल पडल्यानंतर सुरू होत होता. त्यात पायल खाली होती आणि अकरा नंबर तिच्याकडे हात पुढं करून उभी होती. ज्याला आधीच सांगितलंय की हा धक्का आहे, त्याला त्यात धक्का दिसत होता. दुपारपर्यंत तो ‘सात नंबर, अमरावती’ या ग्रुपवर गेला. ग्रुपमध्ये दोनशे बारा माणसं होती. त्यांपैकी तीसेक जणांनी कधी ना कधी पायलचा सामना पाहिला होता. बाकीचे कोणी लग्नात भेटले होते, कोणी वरच्या मजल्यावर राहत होते, एक जण गॅस सिलिंडर आणून देत असे. पण दुःख सगळ्यांना सारखंच झालं, आणि रागही.

सोमवारी एमआरआय झाला. गुडघ्यातली पुढची लिगामेंट पूर्ण तुटली होती. ऑपरेशन, आणि नंतर नऊ महिने. डिसेंबरमध्ये राज्याच्या संघाची निवड होती आणि पायलचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे नऊ महिन्यांनी गुडघा बरा झाला तरी तो घेऊन जायला जागा उरली नव्हती. पायलचे वडील संघपाल इंगळे नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत मास्तर, रोज बसनं जाऊन-येऊन करणारे. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून शाळेत गेले.

कॉलनीत मात्र कोणी गप्प बसलं नाही. पार्वताबाईंनी तुरटी आणि हळदीचा लेप सांगितला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त फॉरेस्ट गार्डनं चिखलदऱ्याकडचा एक वैदू सांगितला, जो नुसता फोटो पाहून हाड बसवतो. लिगामेंट म्हणजे हाड नव्हे, असं सांगितल्यावर तो म्हणाला, तेही बसवत असेल, विचारायला काय जातं. एकानं मंगळवार धरले. एकानं कोर्टाची दिशाच चुकली आहे असं सांगितलं आणि होकायंत्र घेऊन मैदानात गेला. पण या सगळ्यांत भाव होता तो शालिकरामांना, कारण डोळ्यांनी पाहिलेले तेच. दुसरा साक्षीदार ओमप्रकाश मोठ्या मनानं मागं सरला होता. त्याला तपशील विचारले की तो म्हणे, काकाईले विचारा.

लोक विचारत आणि काका सांगत. पहिल्या दिवशी नुसता धक्का होता. मंगळवारी त्यात कोपर आलं. बुधवारी अकरा नंबरनं आधी एकदा इकडेतिकडे पाहिलं होतं. गुरुवारी तिच्या मनगटावर निळा पट्टा होता, आणि तो पट्टा सांगताना शालिकरामांना खरोखर दिसला. चाळीसेक वेळा सांगून झाल्यावर त्यांना सगळंच दिसू लागलं. शेंग दिसेनाशी झाली.

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत. एकदा चहाचा कप ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमाले घरात समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही, अन् तथी पट्ट्याचा रंग कसा काय दिसला वो?" शालिकरामांनी कप उचलला आणि बाहेर नेला. घरात प्रतिष्ठा नसणं हे बऱ्याच थोर माणसांच्या वाट्याला आलेलं आहे.

मग अर्जाचं निघालं. ओमप्रकाश म्हणाला, विद्यापीठाले लेखी देऊ, आणि सगळ्यांच्या नजरा शालिकरामांकडे वळल्या. चौतीस वर्षं ज्यानं मसुदे लिहिले त्याला कोणी अर्ज लिहायला सांगणं म्हणजे निवृत्त पहेलवानाला कोणी दंड दाखवायला सांगणं. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयान्वये, सगळं जागेवर. मुख्य वाक्य होतं, ‘सदर खेळाडूस जाणीवपूर्वक धक्का देण्यात आला.’ ‘देण्यात आला’ हा शासकीय मराठीचा मोठा आधार आहे. त्यात कोणी दिला, कोणी पाहिला, कोणी शेंगा सोलत होतं, यातलं काहीच विचारावं लागत नाही.

पण विद्यापीठातल्या आवकजावकच्या बाईंनी अर्ज परत केला. सराव सामना आमच्याकडे येत नाही, म्हणाल्या, कॉलेजमार्फत या. कॉलेजच्या कारकुनानं सांगितलं, खेळाडूची सही लागेल. पायलची सही नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग हितचिंतक म्हणून करा, पण हितचिंतकाचा नमुना वेगळा. वेगळा नमुना झेरॉक्सवाल्याकडे होता, त्याच्याकडे टोनर नव्हता. तीन दिवस शालिकराम या टेबलावरून त्या टेबलावर गेले, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतकं बरं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. शेवटी विद्यापीठातल्याच एका साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "‘देण्यात आला’ चालनार नाही. कोनं पाह्यलं?"

"मी."

"मंग तसं स्वयंघोषणापत्र द्या. मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी. खाली सही."

शालिकरामांनी लिहून दिलं. सही करताना हात थांबला नाही. नंतर त्यांना याचंच जास्त वाईट वाटलं.

सही करून ते तसेच सफरचंदं घेऊन पायलला भेटायला गेले. ती पुढच्या खोलीत दिवाणावर होती, पाय दोन उशांवर. तिच्या आईनं, माधवीताईंनी, खुर्ची दिली आणि त्या चहाला आत गेल्या. शालिकरामांनी न्याय मिळेपर्यंत स्वस्थ न बसण्याचं आश्वासन दिलं. पायलनं ते पूर्ण ऐकून घेतलं.

"काका, मले कोनी ढकललं नाही. मी एकटीच पडली. पाय टेकला अन् गुडघा आत वळला."

"बेटा, तू चेंडूकडे पाहून राह्यली होती. तुले मागचं कसं दिसन?"

"मागं कोनीच नोतं."

"तुले तसं वाटत असन. मानूस पडते तवा त्याले काई समजत नाही."

"गुडघा माहा हाय, काका."

शालिकरामांनी सफरचंदांची पिशवी स्टुलावरून उचलून पुन्हा स्टुलावरच ठेवली. पायल म्हणाली, "तुमी तं तथीच होते. तुमी लोकाईले सांगा ना का असं काई झालं नाही. ती पोरगी मले उठवाले आल्ती. तिले लोक काय काय म्हणून राह्यले, तुमी वाचलं काय?"

शालिकरामांनी वाचलं होतं. ग्रुपमधल्या कोणीतरी दोन दिवसांत अकरा नंबरचं नाव शोधून काढलं होतं: करिश्मा राऊत, बी. ए. दुसरं वर्ष, वडील देवराव राऊत, अकोल्याच्या बाजारात फुलांचं दुकान. तिच्या फोटोंखाली तीनशे माणसांनी लिहिलं होतं, आणि त्यातलं बरंचसं तोंडानं उच्चारता येण्यासारखं नव्हतं. शिवाय दुकानाचा नंबर पाटीवरच होता. चारपाच जणांनी फोन करून देवरावांना हाराची ऑर्डर दिली होती. कोणासाठी, असं त्यांनी साधेपणानं विचारल्यावर, तुमच्या पोरीच्या फोटोले घालाले, असं सांगितलं होतं. ते बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं होतं, आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. ते ऐकून शालिकराम अस्वस्थ झाले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी सभ्य भाषा वापरावी. ही विनंती. – ॲडमिन.’ त्यालाही अकरा जणांनी अंगठा दिला.

"मी वाचतो," ते पायलला म्हणाले, आणि चहा न घेता उठले.

त्याच संध्याकाळी पायलनं स्वतःच ग्रुपवर लिहिलं. मला कोणी धक्का दिलेला नाही, करिश्माला त्रास देऊ नका. पाच मिनिटांत उत्तरं आली. किती मोठं मन आहे. सलाम ताई. कोणाचा दबाव आहे का, नुसतं हो म्हणा, आम्ही बघतो. तिच्या कोचनंही लिहिलं की फाउल नव्हता, तर ते मिळालेले ठरले. संघातल्या दोघी मुलींनी लिहिलं, त्या घाबरलेल्या ठरल्या. जिचा गुडघा मोडला तिच्यापासून जे शेजारी उभे होते त्यांच्यापर्यंत सगळ्यांचं म्हणणं एकीकडे आणि उमक काकांचं एकीकडे. आणि दोनशे बारा माणसांनी उमक काकांवर विश्वास ठेवला. आयुष्यात एवढा विश्वास त्यांच्यावर कोणीच ठेवला नव्हता. तो परत कसा करायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

विद्यापीठानं अर्ज अकोल्याच्या कॉलेजकडे पाठवला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या कॉलेजचं पत्र आलं. अर्जाच्या अनुषंगाने सदर विद्यार्थिनीस चौकशी पूर्ण होईपर्यंत संघातून वगळण्यात आले असून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने शुक्रवारी सकाळी अकरा वाजता उपस्थित राहावे. कॉलनीत पेढे वाटले गेले. एका मुलीला खेळातून काढल्याचे पेढे. शालिकरामांनी शुगरचं कारण सांगून घेतला नाही.

शुक्रवारी त्यांना स्टँडवर सोडायला नऊ जण आले. बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून चहा घेतला आणि तो हातातच निवला. तिथून परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण परत फिरून कॉलनीत काय सांगायचं, याचा मसुदा जमेना.

अकोल्याच्या कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत तिघांची समिती बसली होती, बाजूला लिहून घ्यायला एक कारकून. समोरच्या बाकावर देवराव राऊत होते. धुतलेला पांढरा शर्ट, आणि बोटं झेंडूनं पिवळी. त्यांच्या शेजारी करिश्मा. कोर्टवर ती शालिकरामांना उंच वाटली होती. इथं ओढणी दोन्ही हातांत धरून बसलेली ती त्यांच्या शेजारच्या कोणत्याही मुलीसारखी होती. मनगटावर पट्टा-बिट्टा काही नव्हता.

प्राचार्यांनी आधी तिला विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. देवराव म्हणाले, "सांग ना बाई, मले सांगतलं तसं."

"सर, पहिल्या दिवशी मले पक्कं माहीत होतं का मी हात नाही लावला," करिश्मा म्हणाली. "ती पडली अन् मी तिले उठवाले गेली. पन आता एवढे सारे लोक म्हणून राह्यले." मग शालिकरामांकडे न पाहता तिनं त्यांच्या दिशेला मान केली. "अन् हे काका तं म्हातारे मानूस हायत. ते माहे कोनी लागत नाही, ते कायले खोटं बोलतीन? लागला असन माहा हात. मले आता आठवत नाही, सर."

"असन म्हणजे? लागला का नाही?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

"लागला असन."

कारकुनानं ते लिहायला घेतलं.

"लिहू नका," शालिकराम म्हणाले. ते उभे राहिले होते. कधी, ते त्यांनाही कळलं नव्हतं. "साहेब, मले काई दिसलं नाही."

"म्हणजे डोळ्यांचा काही त्रास आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"डोळे बरे हायत. मी खाली पाहत होतो. शेंगा सोलून राह्यलो होतो." कारकून पेन वर धरून वाट पाहत होता, म्हणून त्यांना पुढं बोलावं लागलं. "उकडलेल्या. आवाज आला तवा वर पाह्यलं, तं ती पडलेली होती. कोनी विचारलं कसी पडली, तं मी बोललो. तोंडातून गेलं. मंग ते गेलंच."

कारकून म्हणाला, "सर, स्वयंघोषणापत्र मागं घ्यायचा नमुना आपल्याकडे नाही."

"साध्या कागदावर घ्या," प्राचार्य म्हणाले. ते शालिकरामांकडे ज्या नजरेनं पाहत होते, त्या नजरेनं शालिकराम स्वतः चौतीस वर्षं खोटी बिलं लावणाऱ्या लोकांकडे पाहत आले होते.

त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं. ते बाहेर येईपर्यंत राऊत बापलेक व्हरांड्यात पोचले होते. देवराव म्हणाले, "झालं ना आता? जाऊ आमी? दुकान बंद हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शालिकरामांना सोपं गेलं असतं.

करिश्मा मात्र वळली. "काका, मंग तुमी अकरा नंबरच काहून म्हणलं?"

शालिकरामांनी खरंच आठवून पाहिलं. "तू जवळ उभी होती," ते म्हणाले.

ती जवळ उभी होती, कारण धावत सगळ्यांत आधी तीच आली होती. हे दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण दोघांनीही एकदमच मान वळवली.

त्या संध्याकाळी शालिकरामांनी ग्रुपवर कबुली लिहिली. चार वेळा खोडून लिहिली. पहिलं उत्तर आलं, काकांवर दबाव आणला. दुसरं, अकोलेवाल्यांनी काका फोडले. तिसरं ओमप्रकाशचं होतं: मी पण तिथं होतो, मी पाहिलं आहे. थोड्या वेळानं ग्रुपवर लिहिता येईना. ज्या ग्रुपचे ते ॲडमिन होते त्यातून त्यांना काढून टाकण्यात आलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांची साधी विभागीय चौकशी झाली नव्हती.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी घरी आले तं शर्टावर सारे शेंगायचे फोलपटं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले वाटलं तुमी बोलसान."

स्पर्धा ठरल्या दिवशी सुरू झाली. कॉलनीतून काळ्या फिती लावून एक गाडी भरून माणसं अकोल्याला गेलीच. करिश्माला संघात परत घेतल्याचं पत्र निघालं होतं, पण ती मैदानात आली नव्हती. तेव्हा त्यांनी बारा नंबरला शिव्या दिल्या, कारण इतक्या लांबून येऊन कोणालाच न देता कसं परतायचं. पायलचा संघ पहिल्याच फेरीत हरला. परतताना गाडीत, असं ऐकलं, की सगळे आनंदात होते.

पायलचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. शालिकराम आठ दिवस थांबून भेटायला गेले. दार संघपालांनी उघडलं. ते दारातून बाजूला सरले आणि त्यांना आत घेतलं. पायलच्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा साचा होता. दुखतं का, असं विचारल्यावर ती हो म्हणाली. पुढं म्हणाली, "मी तिले रोज फोन लावतो काका. ती उचलत नाही. तिच्या बाबांनी उचलला एक दिवस. म्हणे, तिनं बूट देऊन टाकले कोनाले तरी." मग तिनं साच्याचा एक पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. "माह्या पायाचं होईन. डॉक्टर म्हणे नऊ महिने. तिचं किती महिने, ते कोनाले विचारू?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शालिकराम अकोल्याला गेले. कोणाला न सांगता, एकटेच. बाजारात देवरावांचं दुकान शोधायला वेळ लागला, कारण पाटीवरचा फोन नंबर पुसून टाकलेला होता. झेंडूच्या राशी लागल्या होत्या, गिऱ्हाईक तुटून पडलं होतं. देवरावांनी त्यांना ओळखलं. "बसा," म्हणाले आणि एक पोतं पुढं सारलं. शालिकराम बसले. माफीचं बोलणं त्यांनी बसमध्ये मनाशी घोकलं होतं, पण दर वेळी तोंड उघडलं की कोणीतरी पाव किलो मागायचं. शेवटी देवरावांनीच त्यांच्या हातात हाराच्या दोऱ्याचं एक टोक दिलं. "धरून ठेवा. मले दुसरा हात नाही." शालिकरामांनी ते धरलं. समोरून हार लांब होत गेला. कोणाच्या उपयोगी पडल्याचं समाधान त्यांना अगदी पुसट असं वाटू लागलं, आणि आता बोलावं, असं ठरवून त्यांनी मान वर केली.

रस्त्याच्या पलीकडे भांड्यांच्या दुकानाशी करिश्मा उभी होती. खांद्याला कॉलेजची बॅग, हातात डबा. दुपारचा एक वाजला होता, आणि तिथं सावली नव्हती. ती वडिलांचा डबा घेऊन आली होती. शालिकरामांना बसलेलं पाहून ती तिथंच थांबली होती, आणि किती वेळची थांबली होती कोणास ठाऊक. त्यांची नजर वळताच ती पाठ करून मांडलेली भांडी पाहू लागली.

शालिकरामांनी दोरा देवरावांच्या हातात परत दिला.

"थांबा ना, चहा सांगतला हाय," देवराव म्हणाले.

"नको. निघतो. बस हाय माही."

स्टँडचा रस्ता भांड्यांच्या दुकानावरून जात होता. शालिकराम उलट्या बाजूला वळले आणि झपाझप चालू लागले. तो रस्ता कुठं जातो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि बराच वेळ त्यांनी कोणाला विचारलंही नाही.